बाटलीखालची पाण्याची बशी

आमच्या धाकट्याच्या औषधाची बाटली जवळजवळ अडीच वर्षे माजघरातल्या फडताळात एका स्टीलच्या बशीत उभी असे आणि त्या बशीत सदैव पाणी असे. कोकणातल्या घरांत गुळाच्या ढेपेभोवती, साखरेच्या डब्याभोवती किंवा अमृत कोकमाच्या बरणीभोवती जसे पाण्याचे कडे करतात, तसेच आम्ही त्या बाटलीभोवती केले होते, कारण झाकणाच्या आट्यांमध्ये सुकून बसलेल्या थेंबाला पावसाळ्यात बघता बघता मुंग्या लागत. सासूबाई रोज सकाळी ते पाणी बदलत. कित्येकदा मीही बदलले. मुंग्यांना ओढून घेणारे त्या बाटलीत काय आहे, आणि तेच रोज रात्री मुलाच्या दातांवर तसेच ठेवून आपण त्याला झोपवतो आहोत, हा विचार इतक्या दिवसांत आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात आला नाही.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे. गुहागर तालुक्यात आमचे औषधांचे लहानसे दुकान आहे. हे आधी सांगते, कारण औषधांची माहिती असणाऱ्या घरात जे घडले ते इतरांच्या घरात किती सहज घडत असेल, याची कल्पना यावी. गोड औषधांमुळे मुलांचे दात किडतात ही गोष्ट नवी नाही, अवघड नाही आणि बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहे. तरीही ती आईपर्यंत पोहोचत नाही. बालरोगतज्ज्ञ आजाराकडे पाहतात, दंतवैद्य दात किडल्यावर भेटतात, आणि या दोघांच्या मध्ये बाटली हातात देणारी मी, मात्रा आणि वेळ सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

धाकट्याला पहिली आकडी आली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. आषाढातली रात्र होती, वीज गेलेली होती आणि त्याच्या अंगात ताप नव्हता. आठवड्याच्या आत पुन्हा झटका आला तेव्हा आम्ही त्याला चिपळूणला नेले. तपासण्या झाल्या, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख काढला आणि सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप सकाळ-रात्र सुरू झाले. एकही मात्रा चुकता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि आम्ही एकही चुकू दिली नाही. ते औषध लागू पडले, झटके थांबले, आणि त्याबद्दल मी त्या औषधाची आजही ऋणी आहे. पुढचे सगळे लिहिताना हे वाक्य मी मनाशी धरून ठेवले आहे आणि वाचणाऱ्यांनीही ते धरून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

सकाळची मात्रा न्याहारीबरोबर जात असे. रात्रीची मात्रा मात्र दुकान बंद करून, जेवणखाण आवरून मी वर येई तेव्हा, म्हणजे दहाच्या सुमारास होई. तोवर तो अर्धवट झोपलेला असे. त्याला मांडीवर घेऊन मापाचे झाकण ओठांना लावायचे, गालाला हलकेच हात लावून त्याला गिळायला लावायचे, ओठ पदराने पुसायचे आणि पुन्हा आडवे करायचे, असा आमचा क्रम होता. अंथरूण ओले होईल म्हणून वर पाणीदेखील देत नसे. दात त्याने आठ वाजता जेवण झाल्यावर आजीकडून घासून घेतलेले असत, त्यामुळे त्या बाबतीत माझे मन निश्चिंत होते.

तो तीन वर्षांचा असताना वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ मला दिसली. दुधाचा पापुद्रा असेल असे वाटून मी ती बोटाने पुसून पाहिली, पण ती गेली नाही. पुढे तिचा रंग पिवळसर झाला, मग तपकिरी. दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत, असे घरातल्या मोठ्यांनी सांगितले आणि मला ते पटले. चौथा वाढदिवस जवळ आला असताना एका सकाळी घावन खाता खाता त्याच्या दाताचा तुकडा निघाला. घावनासारख्या मऊ पदार्थाने दात तुटला तेव्हा तो आतून किती पोखरला असेल, हे सांगायला कोणी नको होते. त्याच आठवड्यात खालची एक दाढ रात्रीची ठणकू लागली, गाल सुजला आणि शृंगारतळी, मार्गताम्हाणे करीत आम्ही पुन्हा चिपळूणचा रस्ता धरला, या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे.

त्या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आधी त्याच्या तोंडात फार वेळ पाहिले आणि मग मला विचारायला सुरुवात केली.

“बाटलीने दूध पितो का?”

“नाही, वर्षाचा झाल्यापासून पेल्याने पितो.”

“चॉकलेट, बिस्किटं?”

“सणासुदीला, किंवा मुंबईहून कोणी आलं तरच.”

“दात कोण घासतं?”

“आजी. दोन वेळा.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, “एखादं औषध बरेच दिवस चालू आहे का?”

मी औषधाचे नाव सांगितले, मात्रा सांगितली आणि मग सिरप हा शब्द उच्चारतानाच माझे मला समजले. रात्री किती वाजता, त्यानंतर दात घासता का, हे त्यांचे पुढचे दोन प्रश्न मला ऐकू आले, पण उत्तर द्यायला मला वेळ लागला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पदविकेच्या वर्षांतल्या माझ्या वह्या काढल्या. साध्या पाकाची कृती आम्ही प्रयोगशाळेत स्वतः केलेली होती. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथाप्रमाणे तयार केलेल्या साध्या पाकात वजनाने ६६.७ टक्के साखर असते, म्हणजे तीन भागांतले दोन भाग साखर. अशा ५ मिलिलिटर पाकात ४ ग्रॅमपेक्षा थोडी अधिक साखर येते, आणि चहाचा एक सपाट चमचा साखरही साधारण तेवढीच भरते. प्रत्येक औषधात हा पाक एवढ्याच प्रमाणात असतो असे नाही. कोणात तो कमी असतो, कोणात त्यात इतर द्रव मिसळलेले असतात. पण ज्या औषधाचे नावच सिरप आहे, त्याचा पाया बहुधा हाच असतो.

साखर तिथे उगाच घातलेली नसते, हेही सांगायला हवे. बरीचशी औषधे चवीला कडूजहर असतात आणि लहान मूल ती थुंकून टाकते किंवा ओकते, तेव्हा पहिले काम चव झाकण्याचे. दुसरे काम दाटपणा देण्याचे. तिसरे काम टिकवण्याचे, आणि ते आपल्याकडच्या बायकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात कोकमाच्या सालींत थरावर थर साखर घालून बरणी उन्हात ठेवली की जो पाक सुटतो तो वर्षभर नासत नाही, कारण इतक्या दाट साखरेत जंतूंना वाढायला पाणीच मोकळे राहत नाही. औषधाची बाटली उघडल्यावरही बरेच दिवस चांगली राहते त्यामागे हाच गुण आहे. बरणीतल्या पाकाला आपण गोड म्हणतो आणि बाटलीतल्या पाकाला औषध म्हणतो, एवढाच काय तो फरक. दाताला मात्र तो फरक कळत नाही.

दातांवर सतत एक चिकट थर जमत असतो आणि त्या थरात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जंतू राहतात. साखर मिळाली की ते तिचे आम्ल करतात. साखरेचे पाणी तोंडात घेतल्यावर या थरातली आम्लता कशी बदलते हे रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात मोजून दाखवले. काही मिनिटांत पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (जितका कमी तितके आम्ल जास्त), झपाट्याने खाली येतो, आणि पूर्वपदावर यायला अर्धा तास ते तासभर लागतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. नंतर लाळ येऊन आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही पुन्हा जागेवर बसवते. दिवसभर ही झीज आणि भरपाई चालू असते, आणि भरपाई पुरेशी होते तोवर दात टिकतो.

रात्र वेगळी असते ती याच कारणाने. झोपेत लाळ अगदी थोडी सुटते आणि मूल गिळतही क्वचितच. दहा वाजता दिलेला दाट, चिकट पाक दातांच्या फटींत आणि दाढांच्या खाचांत बसून राहतो आणि त्याला धुऊन काढणारे कोणी नसते. दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांच्या मानाने जवळजवळ निम्मेच जाड असते, त्यामुळे कीड आतल्या शिरेपर्यंत लवकर पोहोचते. वरचे पुढचे दात आधी जातात, कारण खालच्या दातांना जिभेचा आडोसा असतो आणि लाळेच्या ग्रंथीही तिथे जवळच उघडतात. माझ्या मुलाच्या तोंडातले चित्र तंतोतंत असेच होते. वरचे चार दात किडलेले, खालचे पुढचे दात स्वच्छ, आणि दाढांत खड्डे.

मी हिशोब मांडला. दिवसाला दोन म्हणजे वर्षाला ७३०, आणि दोन वर्षांत १४६० मात्रा. त्यांतल्या ७३० झोपेत दिलेल्या. कोणी मला सांगितले असते की मुलाला रोज रात्री झोपेतून उठवून चमचाभर साखरेचा पाक चाटव, तर मी त्याला घराबाहेर काढले असते.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दीर्घ आजारामुळे साखरयुक्त पातळ औषधे घेणारी लहान मुले आणि तशी औषधे न घेणारी मुले यांची त्यात तुलना केली होती, आणि पहिल्या गटातल्या मुलांचे दात स्पष्टपणे अधिक किडलेले आढळले होते, हिरड्याही अधिक सुजलेल्या होत्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये बिनसाखरेच्या पातळ औषधांचा आग्रह वाढत गेला आणि तिथल्या डॉक्टरांच्या औषधसूचीत अशा औषधांपुढे तशी खूणही केलेली असते. माझ्या जन्माच्या आधीच माहीत झालेली ही गोष्ट मला मुलाचा गाल सुजल्यावर कळली, याचे दुःख मला अजूनही आहे.

सर्दी-तापासाठी तीन-चार दिवस औषध घेणाऱ्या निरोगी मुलाच्या आईने यातून घाबरून जाऊ नये. दात किडण्यासाठी साखर वारंवार आणि बराच काळ लागावी लागते. काळजी करायची ती महिनोन् महिने पातळ औषध घेणाऱ्या मुलांची. आकडीची औषधे घेणारी मुले, दम्याची मुले, लघवीच्या मार्गातला संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून रोज थोडे प्रतिजैविक घेणारी मुले, बद्धकोष्ठतेसाठी लॅक्ट्युलोज घेणारी मुले, आणि जन्मतः हृदयाचा दोष असलेली मुले. या शेवटच्या मुलांबद्दल मला विशेष लिहावेसे वाटते, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तात उतरून हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग करू शकतात आणि तो संसर्ग जिवावर बेततो. ज्या मुलाचे हृदय जपायचे म्हणून औषध द्यायचे, त्याचे दात त्याच औषधाने किडू देणे हे फार महाग पडते. दम्याच्या मुलांची अडचण दुहेरी असते. पंपातली काही औषधे आणि सर्दीची काही औषधे लाळ कमी करतात, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायला लावावी आणि मूल पाणी भरपूर पीत आहे ना, हे पाहावे.

लेबल वाचून साखर कळते का, असे मला आता दुकानात काही जणी विचारतात. थोडेफार कळते. मूळ औषधाचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये स्पष्ट छापलेले असते, आणि बाकी सगळ्याची बोळवण बहुधा फ्लेवर्ड सिरप बेस अशा तीन शब्दांतच केलेली असते. तो सिरप बेस म्हणजे पाक. शुगर-फ्री असे लिहिले असेल तर गोडी बहुधा सॉर्बिटॉल, झायलिटॉल, सुक्रालोज किंवा सॅकरीनची असते, आणि या पदार्थांपासून ते जंतू आम्ल करत नाहीत किंवा अगदीच कमी करतात. प्रतिजैविकांचे ड्राय सिरप, ज्यात आपण उकळून गार केलेले पाणी रेघेपर्यंत ओततो, त्याच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या भुकटीतही बहुतेकदा साखरेचा वाटा मोठा असतो. साखर नेमकी किती ग्रॅम आहे हे बाटलीवर ठळक छापले जावे, असे मला मनापासून वाटते. बिस्किटाच्या पुड्यावर ते छापलेले असते, मग मुलाच्या औषधावर का नसावे?

आमच्याकडे बिनसाखरेची बाटली पुढे केली की पहिले उत्तर ठरलेले असते, “आमच्या पोराला डायबेटीस नाही.” शुगर-फ्री म्हणजे मधुमेहाचे, हा समज इतका पक्का आहे की ती बाटली परत येते. दुसरे उत्तर, “त्याला ते लाल, गोडवालंच आवडतं.” या आवडण्याचा एक वेगळाच धोका आहे. औषध खाऊसारखे लागले की मूल ते स्वतःहून काढून पिते, म्हणून बाटली हाताला लागेल अशा ठिकाणी कधीच असू नये.

बिनसाखरेचे म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असेही समजू नये. चवीसाठी आणि औषध टिकण्यासाठी त्यात सायट्रिक आम्ल असू शकते. त्याने दात किडत नाही, पण वरचे कवच हळूहळू झिजू शकते. सॉर्बिटॉल जास्त झाले तर मुलाचे पोट बिघडते. म्हणून कोणतेही पातळ औषध दिल्यावर दोन घोट पाणी, हा नियम साखर असो वा नसो सारखाच पाळावा.

आम्ही धाकट्याच्या बाबतीत काय केले ते सांगते. पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञांना विचारले, कारण आकडीचे औषध स्वतःच्या मनाने थांबवणे, पुढेमागे करणे किंवा त्याची कंपनी बदलणे जिवाशी खेळ ठरते, आणि दात हा त्यापुढे फार लहान विषय आहे. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि रात्रीची मात्रा दहाऐवजी आठ वाजता, जेवणाबरोबर देण्यास आनंदाने होकार दिला. त्यासाठी सकाळची मात्राही आठला आणली, म्हणजे अंतर बारा तासांचे राहिले. बिनसाखरेचे सिरपही त्यांनीच लिहून दिले. गोळी कुटून द्यावी का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी, आणि माझ्या शिक्षणानेही, नाही म्हटले, कारण व्हॅल्प्रोएटच्या गोळ्यांवर बहुधा असे आवरण असते किंवा त्या अशा बनवलेल्या असतात की कुटल्या तर औषध भलत्याच जागी किंवा भलत्याच वेगाने सुटते. काही औषधे पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळतात आणि मुलांसाठी ती चांगली सोय आहे. जुलाबात दिली जाणारी झिंकची गोळी बहुतेक घरांत पाहिलेली असेल, चमचाभर पाण्यात ती थोड्याच वेळात विरघळते. अशी गोळी आपल्या मुलाच्या औषधात आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

क्रम असा ठरला. आधी जेवण आणि औषध, मग पाणी, मग अर्ध्या तासाने फ्लुओराइडच्या पेस्टने दात घासणे आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यानंतर वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्या माणसाने धरायचा. मापाच्या झाकणाऐवजी आम्ही सुई नसलेली, औषध पाजण्याची पिचकारी वापरू लागलो. ती गालाच्या आतून दाढांच्या मागे नेऊन हळूहळू सोडली की औषध पुढच्या दातांना लागतच नाही. सरळ घशात मात्र सोडू नये, ठसका लागतो.

घरगुती औषधांचाही विषय यात येतो आणि तो बोलताना मला जपून बोलावे लागते, कारण त्यांच्याशी घराघरातल्या आज्यांचे प्रेम जोडलेले आहे. सितोपलादि चूर्ण आमच्या दुकानातही भरपूर खपते. त्याच्या नावातच सितोपला, म्हणजे खडीसाखर आहे. परंपरागत प्रमाणात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १, म्हणजे एकूण ३१ भागांत १६ भाग साखर. ते मधात कालवून मुलाला दिवसभर थोडे थोडे चाटवायचे आणि रात्री खोकला उठला की पुन्हा चाटवायचे, ही रीत दातांच्या दृष्टीने सिरपपेक्षा वेगळी नाही. द्यायचे तर दिवसा, जेवणानंतर, एका वेळी द्यावे आणि वर पाणी पाजावे. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये, त्याचे कारण दात नसून बोट्युलिझम या जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा धोका आहे. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी सासूबाईंनी माझ्या दोन्ही मुलांना दिली. ती कडू होती आणि मुले तोंडे वाकडी करीत. त्यात गूळ घालण्याची सवय मात्र अनेक घरांत आहे. होमिओपॅथीच्या बारीक पांढऱ्या गोळ्याही साखरेच्याच असतात.

एका औषधावरचा आळ मला इथे दूर करायचा आहे. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताई आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे पातळ औषध देतात. त्याने कधी कधी दातांवर काळपट डाग पडतात आणि आया घाबरून ते औषध बंद करतात. तो डाग कीड नाही. तो दाताच्या वरवर बसलेला रंग आहे आणि दंतवैद्य तो पॉलिश करून काढू शकतात. औषध दिल्यावर पाणी पाजले आणि दात घासले तर तो बराच कमी पडतो. लोह बंद करू नये.

खोकल्याच्या औषधांबद्दल मी आता पूर्वीपेक्षा कडक झाले आहे. मृग लागला की आमच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांची मागणी सुरू होते आणि ती गणपतीपर्यंत थांबत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण असलेल्या औषधांवर, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. चिठ्ठीशिवाय, शेजारच्या मुलाला लागू पडले म्हणून नेलेल्या बाटलीने मुलाच्या खोकल्याला फारसा गुण येत नाही, आणि पाक मात्र दातांवर जातो. मी ती बाटली देत नाही. गिऱ्हाईक नाराज होते आणि दुसऱ्या दुकानात जाते, हेही मला माहीत आहे.

धाकट्याच्या दोन दाढांची शीर काढून त्यांवर स्टीलच्या टोप्या बसवाव्या लागल्या. पुढचे दोन दात काढावे लागले. उरलेल्या दोन दातांवर डॉक्टरबाईंनी सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड लावले. या औषधाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. ते लावताना ड्रिल लागत नाही, दुखत नाही आणि कीड जागच्या जागी थांबते, फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. बालवाडीत मुलांनी त्याला काळ्या दातांवरून चिडवले आणि तो कित्येक दिवस हसताना वरचा ओठ दाबून धरी, हे मी विसरू शकत नाही. आता तो नऊ वर्षांचा आहे. आकडीचे औषध बंद होऊन चार वर्षांहून अधिक काळ झाला, झटका पुन्हा आलेला नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते आणि ती दुधाचीच समजून अनेक घरांत दुर्लक्षिली जाते. त्याची ती दाढ येताच तिच्या खाचा आम्ही सीलंटने, म्हणजे कीड शिरू न देणाऱ्या लेपाने, बुजवून घेतल्या. स्टीलच्या टोप्या अजून तोंडात आहेत. दहा-अकराव्या वर्षी त्या दाढा पडतील तेव्हा त्यांच्याबरोबर जातील.

दुकानात मी आता काउंटरवर एक स्केच पेन ठेवले आहे. लहान मुलाचे पातळ औषध जाताना पिशवीवर मात्रेच्या खाली एक ओळ लिहिते: ‘औषधानंतर पाणी, झोपण्याआधी ब्रश.’ मागच्या आठवड्यात एक आई दीड वर्षाच्या मुलीसाठी पॅरासिटामॉल न्यायला आली होती. ओळ वाचून ती थांबली.

“ताई, पण रात्री दोन वाजता ताप चढला तर? तेव्हा कुठे दात घासू तिचे?”

मी तिला सांगितले की तापाचे औषध तेव्हा द्यायलाच हवे, त्यात संकोच करू नये. औषध पोटात गेल्यावर चमच्याने दोन-तीन वेळा पाणी पाजावे, मऊ, स्वच्छ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून पिळावे, ते बोटाला गुंडाळून वरचे दात हिरडीकडून खाली असे पुसावे, मग खालचे. मुलीची झोपही फारशी मोडत नाही. तिने ते फडके बोटाला कसे गुंडाळायचे ते मला काउंटरवरच करून दाखवायला लावले, आणि मी माझ्या रुमालाने ते करून दाखवले.